‘खाजन’च्या प्रकल्प नोंदी: खलनायक आणायचा कुठून

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

गेमचं नाव सध्या ‘खाजन’. वरून दिसणारी, चौकोनी टाइलांची साधी आरपीजी (एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायची गेम), गोदो ४ इंजिनावर, सगळे संवाद मराठीत. गोव्यात मांडवी नदीतल्या एका बेटावरचं, खऱ्या नकाशात नसलेलं गाव. गावाभोवती बांध, बांधाच्या आत खाजनातली, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेल्या जमिनीतली भातशेती, बांधात पाण्याचं एक दार, मानस. आम्ही तिघं आहोत. कथा आणि संवाद माझ्याकडे, चित्रं भाचीकडे, कोड मित्राकडे. तिघांचीही पोटापाण्याची कामं वेगळी, त्यामुळे गेम म्हणजे रविवार.

नकाशा जवळजवळ उभा राहिला आहे. पोदेर (पाववाला) सकाळ-संध्याकाळ सायकलवरून भोंगा वाजवत फिरतो, तावेर्नात (दारूच्या गुत्त्यात) म्हातारे बसतात, कपेलाजवळ (छोट्या चर्चजवळ) पोरं फुटबॉल खेळतात, देवळात संध्याकाळी दिवा लागतो. या गोष्टीत वाईट कोण, एवढंच ठरायचं आहे. मित्राने कोडमध्ये त्याच्यासाठी एक रिकामा साचा ठेवलाय, ‘खल_०१’. भाचीने त्याला तात्पुरती काळी घोंगडी आणि लाल डोळे दिले. सध्या तो तावेर्नाबाहेर उभा असतो आणि पोदेर त्याच्या अंगातून आरपार निघून जातो.

२१ सप्टेंबर

सर्वपित्री अमावास्या. म्हणजे उधाणाची भरती. रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला मामाकडे गेले, मानस भरतीच्या वेळी बघायला मिळावी म्हणून मुद्दाम आजच.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: मानस म्हणजे बांधातलं दार. नदीचं खारं पाणी चढलं की ते बाहेरून दाराला रेटतं आणि दार आपोआप मिटतं. ओहोटी लागली की आतलं पाणी जड होऊन दार बाहेर ढकलतं आणि शेतातलं जास्तीचं पाणी नदीत जातं. मोटर नाही, पहारेकरी नाही. दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, त्या तालावर ही लाकडी दारं शतकानुशतकं चालत आली आहेत. बांध मातीचे आणि चिऱ्यांचे. कुर्ल्या (खेकडे) त्यात बिळं करतात, ती वेळेवर बुजवली नाहीत तर एखाद्या उधाणाला तिथूनच भगदाड पडतं.

“माणसाने तिथे काही करायचं नसतं, तेच मोठं काम,” मामा म्हणाला. “भरतीच्या वेळी दारात एक दांडा अडकवला की झालं. रात्रभर खारं पाणी आत. पाण्याबरोबर मासळी येते, सुंगटं (कोळंबी) येतात. ओहोटीला तोंडाशी जाळं लावायचं.”

“आणि भात?”

“ज्याचं भात तो बोटीवर कामाला, अगो. त्याला तिथे समुद्रात काय दिसतंय?”

कोरगुट हे खाजनातलं जुनं भात, थोडं मीठ सोसतं. थोडंच. एकदा शेत पुरतं खारावलं की ते मीठ पावसाने धुऊन निघायला एक पावसाळा पुरत नाही.

घरी येऊन शस्त्रांच्या यादीत एक ओळ घातली. *दांडा. वजन १. हानी ०.*

२८ सप्टेंबर

मित्राची यादी आली. पहिलं नाव: इन्क्विझिटर. गोव्यात वाढलेल्या कुणालाही आधी हेच सुचेल. १५६० ते १८१२, मधला थोडा खंड सोडला तर अडीचशे वर्षं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, इथे होतं. पोशाख आयता, राग आयता, वाजवायला ऑर्गनसुद्धा आयता. मी नको म्हटलं आणि त्यावर आमचा दीड तास गेला.

माझं म्हणणं असं की या माणसाला बांधाशी काही देणंघेणं नाही. त्याला उचलून कुठल्याही नकाशावर ठेवा, तो तेच करेल. मग आपण मानस, भरती, कुर्ल्या हे सगळं कशासाठी बनवतोय? पोर्तुगीजांनी ‘गावकरी’च्या, म्हणजे गावच्या सामाईक जमीन-व्यवस्थेच्या चालीरीती १५२६ सालीच लिहून घेतल्या होत्या. बांध त्यांच्याही आधीचे, बांध सांभाळणारं गावही त्यांच्या आधीचं, आणि महसुलासाठी ती व्यवस्था चालू राहणं राज्यकर्त्यांच्याही सोयीचं होतं. दुसरं, तो एकदा आला की कपेलाजवळची फुटबॉलवाली पोरं आपोआप ‘त्यांच्या’ बाजूची ठरतात, लिहिणाऱ्याच्या मनात तसं नसलं तरी. आणि तिसरं कारण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं: खेळणारा अगदी सोवळा राहतो. चारशे वर्षांपूर्वीचं पाप आज कुणाच्याही अंगाला चिकटत नाही.

दुसरं नाव: वेताळ. हे तर लगेच खोडलं. बाकीकडे तो भुतांचा राजा असेल, गोव्यात तो गावचा देव आहे. आमोण्याला, प्रियोळला, लोलयेला जाऊन सांगा की आमच्या गेममध्ये तुमच्या देवाला तलवारीने मारायचं आहे.

तिसरं: खाणमालक. इथे मात्र मी अडखळले. २०१२ साली खाणी थांबल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले, आणि या दोन्ही वेळी खाणपट्ट्यातल्या घराघरांत काय झालं ते माहीत असलेली माणसं आजूबाजूला आहेत. खलनायक आणि बळी एकाच ट्रकचा हप्ता भरताना दाखवता येतील. पण खाणी डिचोली, सत्तरी, सांगे या बाजूला. आपल्या बेटावरून दिसतात त्या फक्त नदीतून खनिज नेणाऱ्या बार्जी. बार्जी पार्श्वभूमीला ठेवू. खाणीवरची गेम वेगळी आणि ती कुणीतरी करावीच.

२ ऑक्टोबर

दसरा. भरतीचं चक्र बसलं. गेममधला दिवस २४ मिनिटांचा, म्हणजे एक तास एका मिनिटाचा. खरी भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, आमची ५० सेकंद. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची (कमी चढणारी) भरती. मित्राने संगणकाला झेंडू वाहिला.

५ ऑक्टोबर

काम कमी, खेळणं जास्त. बहाणा संदर्भाचा.

फायनल फँटसी ६ (१९९४) पुन्हा काढला. त्यातला खलनायक केफ्का तसा दरबारी जादूगार, वेश विदूषकाचा, रंगवलेलं तोंड, किंचाळणारं हसू. एवढ्यावर तो लक्षात राहिला असता का, शंका आहे. तो लक्षात राहतो कारण खेळाच्या मध्यावर तो जिंकतो. जग मोडतं, आपण इतके तास फिरलेला नकाशा निकामी होतो आणि उरलेला अर्धा खेळ त्या मोडक्या जगात माणसं शोधत काढावा लागतो. त्याचं खरं चित्र तो नकाशा आहे. बाल्डर्स गेट ३ (२०२३) मध्येही तोच गुण. मुलगी गमावल्यावर अंधाराच्या देवीकडे वळलेला केथरिक थॉर्म समोर येण्याआधीच त्याच्या मुलखावरची काळी सावली आपल्या मशाली खात असते. त्याच्याशी बोलायला लागेपर्यंत आपण त्याला पायांनी ओळखलेलं असतं.

अल्टिमा ही मालिका मराठीत फारशी कुणी खेळलेली नसणार, पण खलनायक लिहिणाऱ्याने तिचे दोन भाग लागोपाठ बघावेत. चौथ्यात (१९८५) खलनायकच नाही. खेळणाऱ्याने आठ सद्गुण अंगी बाणवायचे, एवढंच ध्येय. पाचव्यात (१९८८) राजा बेपत्ता आहे आणि त्याच्या जागी बसलेल्या ब्लॅकथॉर्नने त्याच सद्गुणांचे कायदे केले आहेत. खोटं बोलाल तर जीभ जाईल. देश तोच, शब्दही तेच. आधीच्या भागात आपण ज्यासाठी झटलो, त्याच गोष्टीला आता आपण घाबरतो. बाहेरून एकही राक्षस आणावा लागलेला नाही.

भाचीचं मत, फायनल फँटसी ७ च्या लांब केसांच्या खलनायकाबद्दल: “मावशी, मला सेफिरॉथच आवडतो. केस बघ ना.” नोंद घेतली आहे.

मला स्वतःला फायनल फँटसी ७ मधली शिनरा कंपनी सेफिरॉथपेक्षा जास्त भिववते. शहराला वीज पुरवते, त्यासाठी ग्रहाचा जीव उपसते, आणि शहर वीजबिल भरत राहतं. केस नाहीत हे खरं.

१२ ऑक्टोबर

‘खल_०१’ला नाव मिळालं. आबा.

साठीचा, पांढरा सदरा, पायात चपला, बोलणं मऊ. शेतकरी संघाचा अध्यक्ष. मानशीत जाळं लावायच्या हक्काची दरवर्षी पावणी (लिलाव) होते आणि दरवर्षी शेवटची बोली आबाची असते. पावणीचे पैसे संघाच्या पेटीत, त्यातून बांधाची डागडुजी, अशी रीत. शाळेचं छप्पर आबाने घातलं, कपेलाच्या फेस्ताची रोषणाई आबाकडून, जत्रेतल्या नाटकाचा खर्च आबाचा. त्या नाटकात धर्मराजाचं कामही आबाच करतो. (या वाक्यावर मित्र फोनवर हसला. आमच्या दोघांच्याही गावात असा एकेक धर्मराज होऊन गेला आहे.)

त्याचा मुद्दा खोटा नाही, हे मला संवादात जपायचं आहे. खाजनात वर्षाला एक पीक, कापणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. तरुण मुलं बोटीवर, आखातात, नाहीतर पणजीत हॉटेलात. सुंगटं रोख पैसे देतात. १९६४ च्या कूळ कायद्याने जमीन कसणाऱ्याला हक्क दिला. पुढे कसणाराच निघून गेला तर बांधावर कुणी जायचं? आबा विचारतो तो प्रश्न गावातल्या प्रत्येकाच्या मनात आहे. फरक इतकाच की आबा उत्तराची वाट न बघता दांडा अडकवतो.

पहिलं काम खेळणाऱ्याला आबाच देतो. एक टॉर्च, पन्नास रुपये, आणि “रात्री मानशीकडे जाऊन तेवढा दांडा लावून ये, बाळा, माझे गुडघे चालत नाहीत.” दार का अडकवायचं, हे आबा सांगत नाही आणि पहिल्या दहा मिनिटांत खेळणारा ते विचारत नाही. आरपीजीत जो पहिलं काम देतो त्याच्यावर आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय इथे कामाला येईल.

माझ्यासाठी नियम: नकाशा बोलेपर्यंत गावातला एकही माणूस आबाला वाईट म्हणणार नाही. पोदेर म्हणतो, आबाकडे उधारी कधी थकत नाही. शिक्षिका छपराकडे बघते. पहिली खूण पाडेलीकडून. तो नारळ काढायला माडावर चढतो, त्यामुळे गावात त्यालाच शेत वरून दिसतं. “मानशीकडचा कोपरा पांढरा दिसतो. दव असेल.” दुपारी बाराला तो हे बोलतो.

२० ऑक्टोबर, सोमवार

नरक चतुर्दशी. रात्रभर झोप नाही, म्हणून नोंद विस्कळीत.

गोव्याबाहेरच्यांना हे सांगून पटत नाही: आमच्याकडे दिवाळीची आदली रात्र नरकासुराची. वाडी-वाडीत पोरं कित्येक दिवस खपून दोन-दोन मजल्यांचा नरकासुर उभा करतात. बांबू नाहीतर लोखंडाचा सांगाडा, आत गवत, वर कागद आणि रंग, बाजारातून आणलेला नाहीतर स्वतः घडवलेला मुखवटा. काहींचे हात हलतात, काहींची मान फिरते. स्पर्धा असतात, बक्षिसं असतात, कानठळ्या बसवणारे स्पीकर असतात. पहाटे त्याला जाळायचं, मग घरी येऊन अभ्यंगस्नान, अंगठ्याने कारीट चिरडायचं आणि पोहे खायचे.

स्पर्धेचं नाव ‘नरकासुर वध’. वध करणारा कृष्ण म्हणजे मुकुट घालून पेंगणारा आठ-नऊ वर्षांचा मुलगा. त्याच्याकडे रात्रभरात कुणी बघितलं असेल तर त्याच्या आईने. सगळा पैसा, सगळी कला, सगळे मोबाइल नरकासुराकडे वळलेले. दरवर्षी यावर टीका होते आणि ती रास्त आहे, पण मी आज धंद्याच्या नजरेने बघत होते. लोकांना खलनायक बनवायला आवडतं. मुकुट विकत आणतात, सुळे मात्र स्वतः कापतात.

आणि अशा रात्री आठवणारी एक गोष्ट: नरकासुर हा भूमीचा मुलगा. अदितीची कुंडलं पळवणारा, हजारो स्त्रियांना कोंडणारा, पण पृथ्वीच्या पोटचा. आबाच्या फाइलमध्ये एक ओळ टाकून झोपते: त्याचा जन्म याच बेटावरचा, त्याचा बापही बांध बांधणारा.

२२ ऑक्टोबर

पाडवा. परवा एक असुर जाळला, आज दुसऱ्या असुराचं राज्य येवो म्हणायचं. इडा पिडा टळो. २०२० साली डंजन्स अँड ड्रॅगन्सवाल्यांनी जाहीर केलं की खेळातल्या ऑर्क आणि ड्राव या काल्पनिक जमातींना जन्मजात दुष्ट म्हणून दाखवणं बदलायचं आहे, तेव्हा परदेशी खेळाडूंमध्ये मोठी धुमश्चक्री झाली होती. आमच्या आज्या बळीला ओवाळून मोकळ्या. जात असुराची, तरी बळी आपला, कारण त्याच्या राज्यात पिकलं.

म्हणजे गावाकडून निवाडा येणार तो शेतावरून. आबाला गाव तोलेल ते पिकल्या शेतावरून, पाडेलीने माडावरून पाहिलेल्या त्या कोपऱ्यावरून.

२ नोव्हेंबर

लिपीचं काम. संवाद टाइप झाल्यासारखे एकेक अक्षराने उमटायला हवेत. ‘कि’ येताना आधी क दिसायचा, मग डावीकडून वेलांटी घुसायची आणि क उजवीकडे ढकलला जायचा. ‘क्ष’ तर तीन रूपं बदलून यायचा. आबा शांतपणे बोलतोय आणि त्याचं वाक्य थरथरतंय. गोदो ४ मध्ये यावर सोय आहे: मजकूर आधी तोडून मग जुळवायचा, की आधी पूर्ण जुळवून मग झाकलेला भाग हळूहळू उघडायचा, हे ठरवता येतं. मूळ सेटिंग पहिलं, आम्ही दुसरं केलं. वाक्य आता जागचं हलत नाही.

आबाचा वेग गावात सगळ्यात कमी ठेवला. जो घाईने बोलत नाही त्याच्यावर माणसं विसंबतात.

१५ नोव्हेंबर

पेडण्याकडे एका जत्रेत दशावतारी नाटक पाहिलं. आधी पूर्वरंगात काळ्या वेशातला संकासुर आला. वेद पळवणारा असुर, पण पोरांना त्याची भीती नाही. भटजीची खेचत लोकांना हसवत बसला. मग मुख्य आख्यान. लिहिलेली संहिता नसते. कुणी कधी यायचं, कुणी कुणाला मारायचं, एवढं ठरलेलं. शब्द ज्याचे त्याने रंगमंचावर घडवायचे. पायपेटी आणि पखवाजाच्या तालावर राक्षस नाचत आला, आपण कोण, काय केलं, का केलं हे त्याने स्वतः सांगितलं. नंतर देवाशी त्याचा वाद रंगला तो काही संपेना. तो त्या रात्री देवापेक्षा चांगलं बोलत होता आणि देवाचं काम करणाऱ्यालाही ते कळत होतं.

परतताना गाडीत मला हवं होतं ते सापडलं. आपल्या पुराणातल्या राक्षसाची ताकद चोरीची नसते. त्याने तप केलेलं असतं, वर मागून घेतलेला असतो, आणि वर देणारा देवच असतो. सगळं रीतसर. म्हणून त्याला नुसतं मारता येत नाही. हिरण्यकश्यपूला घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही. मग उंबरठा शोधावा लागतो, संध्याकाळ शोधावी लागते. त्याचं मरण त्याच्या वराच्या शब्दांत लपलेलं असतं, आणि ते शब्द नीट ऐकणाऱ्यालाच सापडतं.

आबाचा वर म्हणजे पावणी. गावाने, गावासमोर, बोली लावून दिलेला. दार त्याने बळकावलेलं नाही, दरवर्षी आपण टाळ्या वाजवून त्याच्या हातात देतो. तर मग तोड पावणीच्या कागदातच असायला हवी.

रात्रीच मित्राला कळवलं: शेवटची मारामारी काढून टाक. तलवारीचा कोड ठेव, कुर्ल्यांसाठी लागेल.

१६ नोव्हेंबर

मित्राचं उत्तर: “ठीक. पण कागद वाचणं ही शेवटची लढाई असेल तर माझा स्टीमवरचा ट्रेलर कशाचा करू?”

अजून उत्तर नाही.

३० नोव्हेंबर

नकाशाच्या अवस्था झाल्या. हिरवं भात, मग पिवळे ठिपके, मग तपकिरी चिखल, त्यावर मिठाची पांढरी साय, आणि शेवटी खारफुटीची रोपं. भाचीने शेवटची अवस्था इतकी देखणी काढली आहे की बघणाऱ्याला वाटेल हेच बक्षीस. बगळे, खंड्या, पाण्यात संध्याकाळ.

मी आधी म्हटलं, जरा उजाड कर. मग चोडणची खारफुटी आठवली, पक्षी अभयारण्य आठवलं, आणि गप्प बसले. कारण बांध फुटल्यावर काही वर्षांनी खरंच असं दिसतं. नदीच्या बाजूची खारफुटी बांधाला लाटांपासून राखते. तीच शेतात आली की शेत गेलं. आणि खारफुटीला कायद्याचं संरक्षण असल्याने शेतकऱ्याला ती तोडून पुन्हा भात लावणं सोपं राहत नाही. पर्यटक फोटो काढतो, शेताचा मालक सातासमुद्रापार, आणि आबाला आता बोली लावायलासुद्धा नको, तळं कायमचं झालं. फायनल फँटसी ६ मधलं मोडकं जग लाल-तपकिरी, बघताच कळतं की काही भयंकर घडलंय. आमचं मोडकं जग कॅलेंडरवर छापण्यासारखं. तसंच ठेवलं. फक्त रोपांच्या मधून जुन्या शेताची मेर अंधूक दिसू दे, एवढं भाचीला सांगितलं.

७ डिसेंबर

शेवटच्या मारामारीच्या जागी येणारी गावसभा लिहून झाली. फॉलआउट (१९९७) मधला खलनायक मास्टर डोळ्यांसमोर होता. सगळ्या माणसांना म्युटंट केलं की भांडणं संपतील, असा त्याचा सिद्धान्त. त्याचे म्युटंट प्रजननक्षम नाहीत याचा पुरावा समोर ठेवला की तो स्वतःच कोसळतो. गोळी न झाडता. पण तिथे पुरावा आणि बोलण्याचं कौशल्य असलं की झालं, तिसरं कुणी लागत नाही. गावात तसं चालत नाही. ड्रॅगन एज: ओरिजिन्स (२००९) मधली सरदारांची सभा मला जास्त जवळची वाटते, कारण तिथे आधी कुणाकुणाची कामं केली यावर मतं फिरतात. आमच्याही सभेत पाडेली बोलेल का, शिक्षिका छपराचं ओझं बाजूला ठेवेल का, हे खेळणाऱ्याने आधी त्यांच्याशी कसं वागलं त्यावर.

पावणीच्या जुन्या वहीतलं कलम: *भरतीचे वेळी दार अडविल्यास बोली रद्द.* ही वही संघाच्या कपाटात असते, आबाच्याच खोलीत. त्याने ती लपवलेली नाही. कुणी उघडलेली नाही.

आणि एक बाजूची वाट. दार अडकवलं जातंय हे कळल्यावर गाव आधी आबाकडे बघतच नाही. बाहेरून आलेल्या, बांधावर पागणाऱ्या (जाळं फेकून मासे धरणाऱ्या) एका माणसावर संशय जातो. खेळणाऱ्याने होकार दिला तर त्याला गावाबाहेर काढतात. सत्तरीत झर्म्याला शिगम्यात चोरोत्सव होतो. निरपराध माणसांना चोर समजून गावाने मारल्याची आठवण त्यामागे सांगतात, आणि गाव ती आजही आपल्या अंगणात पुन्हा उभी करतं. आमच्या गेममध्ये त्या माणसाला हाकललं तर तो परत येत नाही, त्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि आबाला सभेत एक मत जास्त मिळतं.

मामाला फोनवर सगळं सांगितलं. त्याने एकच विचारलं: “आबाला काढलात, मग दार बिघडलं तर दुरुस्त कोण करणार?” मानशीचं दार कसं बसतं हे गावात एकट्या आबाला येतं, हे मीच २० ऑक्टोबरला त्याच्या बापाच्या ओळीत पेरून ठेवलेलं. तर सभेनंतरचा पर्याय असा: आबाला घरी बसवा, नाहीतर बांधावर बसवा. ड्रॅगन एजमधल्या त्या सभेत हरलेल्या लोगेनला मृत्युदंड द्यायचा की आपल्या पथकात घ्यायचं, हा प्रश्न ज्यांनी खेळलाय त्यांना ही चव माहीत आहे. आबाला बांधावर घेतलं तर पागणारा परत यायला कबूल होत नाही, असंही जोडलं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

मुक्तिदिनाची सुट्टी. चोडणला मामाच्या ओट्यावर पहिली चाचणी, त्याच्या नातवंडांबरोबर.

मोठीने सगळं आम्हाला हवं तसं केलं. पाडेलीचं ऐकलं, वही उघडली, सभा जिंकली. दव असेल या वाक्यावर ती थांबून म्हणाली, “दुपारी?” आणि मी भाचीकडे बघितलं.

धाकट्याने मात्र आबाचं पहिलं काम केलं, पन्नास रुपये घेतले आणि पुन्हा आबाकडे गेला. पुन्हा दांडा, पुन्हा पन्नास. रोज रात्री. टॉर्च विकून मोठी टॉर्च घेतली. जाळं घेतलं. गोष्ट पुढे सरकेना, पैसे साठत गेले, शेत पांढरं पडत गेलं, त्याने मान वर करून पाहिलं नाही. वर्ष फिरलं, पावणी आली, आणि त्याने आबापेक्षा जास्त बोली लावली. कोडमध्ये खेळणाऱ्याला बोली लावायची मनाई कुठेच लिहिलेली नव्हती. मानस त्याची झाली. शाळेच्या छपराला पैसे द्यायचे का, असं गेमने त्याला विचारलं, कारण तो प्रश्न पावणी जिंकणाऱ्याला जातो. त्याने ‘हो’ दाबलं. गावात त्याची किंमत वाढली. शिक्षिका त्याच्याशी आबाचेच संवाद बोलायला लागली.

मित्र वहीत चूक म्हणून लिहायला लागला, मी त्याचा हात धरला.

मामा मागे उभा राहून बघत होता. “हा पुढच्या वर्षी संघाचा अध्यक्ष,” तो म्हणाला, आणि नातवाला जेवायला हाक मारली.

आता पावणी हरलेल्या आबाचं काय करायचं ते ठरवायला हवं. सध्या तो दारात उभा राहून जुनाच नमस्कार करतो. माझ्या मते तोच कपाटातली वही उघडेल, पाडेलीला घेऊन येईल आणि सभा बोलावेल, या वेळी खेळणाऱ्यावर. वाद तोच, कलम तेच; पुरावे मांडणारा आबा आणि उत्तरं देणारा ओट्यावरचा हा मुलगा. त्यासाठी सभेतला प्रत्येक संवाद दुसऱ्या बाजूने लिहायचा आणि मतांचा हिशोब उलटा फिरवायचा. मित्र म्हणतो, नाताळापर्यंत हात लावणार नाही. मी खेळणाऱ्याच्या बचावाची वाक्यं लिहायला घेतली आहेत. आबाची जुनी वाक्यं समोर ठेवली, तर बरीचशी जशीच्या तशी चालताहेत.